सांगली जिल्ह्यातील अंध-अपंग साहाय्य: मिशन दवाखान्यापासून टक्क्यापर्यंत

दक्षिण सातारा जिल्हा 1949 साली झाला. सांगली हे नाव त्याला 1960 मध्ये मिळाले. त्याआधी सांगली, मिरज, जत अशी संस्थाने होती. अंधांना आधार म्हणावा तर 1894 पासूनचे मिरजेचे मिशन हॉस्पिटल. तिथे मोतीबिंदू काढला जाई. पण ज्याची नजर परत येणारच नव्हती, त्याच्या पोटापाण्याचा भार घरच्यांवरच राही.

1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि समाजकल्याण खाते गावाजवळ आले. दरमहा हातात पैसे देणारी मोठी सोय मात्र 1980 ची, संजय गांधी निराधार अनुदान योजनेची. अर्ज तहसीलला करायचा. सोबत तलाठ्याकडून उत्पन्नाची खातरजमा, रेशनकार्ड, महाराष्ट्रात 15 वर्षे राहत असल्याचा पुरावा आणि सिव्हिल सर्जनचा दाखला. मंजुरी तालुका समितीची. सरकार बदलले की समितीच्या नेमणुका रखडत आणि त्यांच्याबरोबर अर्जही.

खरी अडचण दाखल्याची. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने किमान 40 टक्के अपंगत्वाची रेघ ओढली. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याने 6/60 च्या पुढे दिसत नसेल, तर माणूस अंध धरला जाई. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा धडधाकट असला, तर फक्त 30 टक्के. कोयत्याने, उसाच्या पात्याने डोळा गमावलेल्या मजुराला म्हणून काहीच मिळत नसे. गावात आजही पहिला प्रश्न येतो तो 'टक्का किती?' हाच.

टक्का ठरवणारे डॉक्टरांचे मंडळ तपासणीच्या ठरल्या दिवशीच बसे. जत तालुक्यातल्या उमदीकडून शंभरावर किलोमीटर यायचे, सोबत एक माणूस घ्यायचा, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. एसटीत 75 टक्के सवलत होती. पण ती मिळायलाही आधी दाखलाच लागे!

पुढे दाखले संगणकावर आले. हाताने लिहिलेल्या जुन्या दाखल्यांवरचा मजकूर पुसट झालेला, शिक्का अर्धवट उमटलेला, नाव रेशनकार्डाशी जुळत नाही, अशा कारणांनी पुन्हा तपासणीला जावे लागले. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, त्यामुळे मंडळापुढची रांग वाढली. आधार आल्यावर नवीच अडचण उभी राहिली: कुष्ठरोगाने बोटे झिजलेल्यांचा अंगठा यंत्र घेईना आणि डोळा पांढरा पडलेल्यांची बुबुळे उमटेनात.