उडो विरुद्ध बेनिन : एका वारसाहक्काच्या लढाईची पार्श्वभूमी

एडो लोकांचे जुने राज्य आजच्या दक्षिण नायजेरियात, बेनिन शहराभोवती होते. बेनिन प्रजासत्ताक हा शेजारचा वेगळा देश. त्याने हे नाव १९७५ मध्ये घेतले. एडोंच्या राजाला 'ओबा' म्हणतात. ओबाच्या गादीवरून अनेकदा भांडणे झाली, पण एसिगिए आणि आरुआनरान या सावत्र भावांची लढाई एडोंच्या आठवणीत सर्वांत खोल रुतली आहे.

दोघे ओबा ओझोलुआचे मुलगे, दोन वेगळ्या राण्यांचे. परंपरा सांगते की दोघांचा जन्म एकाच दिवशी झाला. आधी जन्मला आरुआनरान, पण तो रडलाच नाही. एसिगिए जन्मताच रडला, त्यामुळे त्याच्या जन्माची वर्दी राजाकडे आधी पोचली आणि थोरला तोच ठरला. आरुआनरानचे रडणे ऐकू आले, तोवर उशीर झाला होता. या कथेला निव्वळ दंतकथा म्हणून बाजूला सारू नये, असे मला वाटते. गादी थोरल्याची हे मान्य असले, तरी थोरला कोण हे दरबारात कोण आधी पोचते यावर ठरू शकते, ही खरी अडचण तिने नेमकी पकडली आहे.

आरुआनरान धिप्पाड योद्धा होता आणि बेनिनच्या वायव्येला असलेले उडो हे त्याचे ठाणे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ओझोलुआ गेला, एसिगिए गादीवर बसला आणि उडोने त्याला ओबा मानायला नकार दिला. प्रश्न दोन भावांपुरता नव्हता. राज्याची राजधानी बेनिन की उडो, याचाही निकाल लागायचा होता. युद्ध रेंगाळले, रक्तपात मोठा झाला. अखेर हरलेल्या आरुआनरानने उडोजवळच्या तळ्यात स्वतःला बुडवून घेतले, असे सांगतात.

एसिगिएच्या बाजूने त्याची आई इडिया ठामपणे उभी होती. तिची मसलत आणि तिची मंत्रविद्या यांना एडो लोक विजयाचे मोठे श्रेय देतात. पुढे इडाहच्या इगाला राजाशी झालेल्या युद्धातही तिचे नाव येते. एसिगिएने तिच्यासाठी 'इयोबा' म्हणजे राजमातेचे पद निर्माण केले आणि उसेलू येथे तिला स्वतंत्र वाडा दिला. गादीच्या भांडणातून एक कायमची राजसंस्था उभी राहिली, आणि या साऱ्या प्रकरणात मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

इडियाचा मानला जाणारा हस्तिदंती मुखवटा आज जगाला ठाऊक आहे. तो जेमतेम वीतभर उंचीचा आहे. कपाळावर लोखंडाच्या दोन उभ्या पट्ट्या बसवलेल्या आहेत आणि डोक्यावरच्या मुकुटात दाढीवाल्या पोर्तुगीजांची छोटी मुंडकी कोरली आहेत, कारण त्या काळी पोर्तुगीज बेनिनशी व्यापार करत होते. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन लुटले, तेव्हा असे मुखवटे राजवाड्यातून गेले. त्यांतला एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तर दुसरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये. १९७७ मध्ये लागोसला भरलेल्या आफ्रिकी कला महोत्सवाचे बोधचिन्ह हाच मुखवटा होता. त्यासाठी लंडनचा मुखवटा उसना मागितला, तोही मिळाला नाही. ज्यांच्या राजमातेचा तो, त्यांनाच तो नाकारला गेला, याची चीड आजही रास्त आहे.

उडोच्या पराभवाने वारसाहक्काचा प्रश्न मात्र सुटला नाही. सतराव्या शतकात राजघराण्याच्या निरनिराळ्या शाखांतून ओबा होऊ लागले, सरदार प्रबळ झाले आणि शतकाच्या शेवटी यादवी पेटली. थोरल्या मुलालाच गादी, हा नियम अठराव्या शतकाच्या आरंभी पक्का झाला. तरीही १८१६च्या सुमारास ओग्बेबो आणि ओसेमवेंडे हे भाऊ गादीसाठी भिडले. हार दिसताच ओग्बेबोने राजवाडा पेटवून दिला आणि गळफास घेतला. त्यानंतरचे ओबा ओसेमवेंडेच्याच वंशातले. ऑक्टोबर २०१६ मध्ये राज्याभिषेक झालेले आजचे ओबा एवुआरे दुसरे हेही त्याच वंशातले आहेत.