ई-कॉलरची बसवणी : शिकारी कुत्र्यांचा विद्युत पट्टा

हातातल्या रिमोटचे बटण दाबले की कुत्र्याच्या मानेच्या कातडीला क्षणभर विजेचा झटका देणारा पट्टा म्हणजे ई-कॉलर. पट्ट्यावर एक लहानशी डबी असते. तिच्या पोटात बॅटरी आणि रेडिओचा ग्राहक असतो आणि कातडीकडच्या बाजूने बोथट पोलादी दोन टोके बाहेर आलेली असतात. वीज एका टोकातून निघते आणि कातडीतून दुसऱ्या टोकाला जाते. एवढाच तिचा प्रवास. दोन्ही टोके एकाच वेळी कातडीला टेकलेली नसतील तर मंडल पुरे होत नाही आणि बटण कितीही दाबले तरी कुत्र्याला काही कळत नाही. पट्टा कुठे बांधायचा, किती आवळायचा आणि जागेवर कसा टिकवायचा, याचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. विक्रेते झटक्याला ‘स्टिम्युलेशन’ म्हणतात, विरोधक ‘शॉक’. या नोंदीत मराठीतला साधा शब्द ठेवला आहे.

हे उपकरण मूळचे अमेरिकेतले. ॲरिझोनातील टूसॉन येथे १९६८ साली सुरू झालेल्या ट्राय-ट्रॉनिक्स या कंपनीने ते शिकाऱ्यांमध्ये रुजवले. जुन्या पट्ट्यांमध्ये झटक्याची तीव्रता रिमोटवरून बदलता येत नसे. काही पट्ट्यांत त्यासाठी टोकांचा जोडच काढून दुसरा बसवावा लागे, म्हणजे आधी कुत्रा हाताशी यायला हवा! पुढे तीव्रतेची चकती रिमोटवर आली. उपग्रहाच्या मदतीने वाट दाखवणारी उपकरणे बनवणाऱ्या गार्मिन कंपनीने २०११ मध्ये ट्राय-ट्रॉनिक्स विकत घेतली आणि २०१२ मध्ये ‘अल्फा’ हा पट्टा बाजारात आणला. त्यात झटका आणि उपग्रहाच्या मदतीने कुत्र्याचा माग, दोन्ही एकाच पट्ट्यात आले. उपग्रहाची मदत येण्याआधी, रात्री रॅकूनच्या (झाडावर चढणारा, मांजराएवढा अमेरिकन प्राणी) मागे सोडलेले हाउंड म्हणजे वासावरून माग काढणारे कुत्रे शोधायला हातात ॲन्टेना धरून रेडिओची टिकटिक ऐकत रान तुडवावे लागे.

रॅकूनच्या शिकारीतले ट्रीइंग वॉकर, ब्लूटिक, प्लॉट यांसारखे हाउंड, बॉबव्हाइट जातीच्या लाव्या पक्ष्यांच्या शिकारीतले पॉइंटर आणि सेटर, पाण्यात पडलेली बदके आणणारे लॅब्रडॉर हे या पट्ट्याचे मुख्य धनी. हाउंडने रॅकून सोडून हरणाचा माग धरला की तो मैलोन्‌मैल जातो. लांबून हाक पोहोचत नाही, म्हणून हा पट्टा.

पट्ट्याची जागा मानेच्या वरच्या भागात, कानांच्या मागे आणि जबड्याच्या खाली असते. आपण कुत्र्याच्या ‘गळ्यात’ पट्टा घालतो असे म्हणतो, आणि साधा पट्टा खरोखरच सैल होऊन गळ्याशी, छातीजवळ लोंबतो. ई-कॉलर तिथे चालत नाही. मान खालच्या बाजूला रुंद होत जाते. वर बांधलेला पट्टा थोडा घसरला तरी घट्ट होतो, खाली बांधलेला मात्र वर सरकून ढिला पडतो. डबी गळ्याच्या बाजूला ठेवतात, पण टोके नेमकी श्वासनलिकेवर येऊ देत नाहीत. ती जराशी डावीकडे किंवा उजवीकडे सरकवतात. समोर नलिकेचा कडक उंचवटा असल्याने दोन टोके तिच्यावर नीट बसतही नाहीत. बाजूच्या स्नायूवर ती सपाट टेकतात.

घट्टपणाबाबत नवख्याची चूक जवळपास ठरलेली असते. त्याला कुत्र्याची दया येते आणि तो पट्टा ढिला ठेवतो. साध्या पट्ट्याला दोन बोटे आत जातील इतकी सैल ठेवण ठीक असते. ई-कॉलरला टोकांपाशी जेमतेम एक बोट शिरायला हवे, तेही दाबून. डबीला हलके हलवून पाहावे. कातडी डबीबरोबर सरकली तर पट्टा बरोबर बसला आहे आणि डबी कातडीवरून घसरली तर सैल आहे. सैल पट्टा जास्त क्रूर असतो, हे सहज पटत नाही, पण तसे आहे. कुत्रा पळताना टोके कातडीवर घासत राहतात. झटका कधी लागतो, कधी लागत नाही. तो लागत नाही असे पाहून माणूस चकती वर फिरवतो, आणि पुढच्या उडीला दोन्ही टोके नेमकी कातडीला भिडतात. कुत्र्याच्या वाट्याला मग एकदम मोठा झटका येतो, आणि तो कशासाठी आला ते त्याला कळत नाही.

पट्टा बांधताना कुत्रा उभा असावा आणि मान सरळ असावी. बसलेल्या किंवा जमिनीचा वास घेणाऱ्या कुत्र्याची मान वेगळ्या मापाची असते. पट्टा चढताच बहुतेक कुत्रे मान ताठ करतात, म्हणून बक्कल लावून थोडे थांबायचे, कुत्र्याला चार पावले फिरू द्यायचे आणि पुन्हा बोट घालून पाहायचे. बहुतेकदा एक भोक पुढे जावे लागते. ही दुसरी तपासणी टाळणारे पुष्कळ असतात.

टोके आखूड आणि लांब अशा दोन मापांत मिळतात. आखूड सुमारे १६ मिलिमीटरची, लांब सुमारे १९ मिलिमीटरची. पॉइंटरसारख्या तलम केसांच्या कुत्र्याला आखूड पुरतात. लॅब्रडॉरला दुपदरी, तेलकट केस असतात, सेटरला लांब केस. त्यांना लांब टोके लागतात, आणि पट्टा आवळण्यापूर्वी डबी डावी-उजवी हलवून केस बाजूला सारावे लागतात. केस भादरून काढू नयेत, कारण उघड्या कातडीला पोलाद लवकर बोचते. फार दाट असतील तर कात्रीने थोडे विरळ करावेत. टोके बोटाने फिरवून बसवली आणि वर पान्याने थोडी कसली, तरी दौडीच्या हादऱ्यांनी ढिली होतात. एक टोक रानात गळून पडले तर दिवसभराचा पट्टा फुकट. काम चालते का हे माणसाने स्वतःच्या हातावर पाहायची गरज नाही. पट्ट्याबरोबर मिळणारा चाचणीचा छोटा दिवा दोन्ही टोकांना लावला की बटण दाबल्यावर तो लागतो.

हाउंडच्या गळ्याखाली कातडीची पोळी लोंबते. तिच्या घडीत एखादे टोक बुडाले आणि दुसरे हवेत राहिले तर वरवर घट्ट दिसणारा पट्टाही निकामी असतो. अशा कुत्र्याची कातडी आधी हाताने वर ओढून, सपाट करून मगच बक्कल लावतात.

पट्टा रानात टिकवणे हे वेगळे काम. चामडे भिजले की ताणते, म्हणून पट्टे प्लास्टिकच्या लेपाचे, नायलॉनच्या धाग्यावर बनवलेले असतात, बहुधा भडक नारिंगी, झुडपात दिसावेत म्हणून. दाबून उघडायचे प्लास्टिकचे कुलूप घरी सोयीचे असते, पण काट्यांतून घुसणाऱ्या कुत्र्याला धातूचे, फिरत्या दांडीचे बक्कलच बरे. दोन भोकांच्या मधले माप लागले तर पट्ट्यात पंचने नवे भोक पाडतात. उरलेली शेपटी कडीत खोचतात, नाहीतर ती फांदीत अडकते; कडी हरवली तर शिकाऱ्याच्या खिशात काळी इन्सुलेशन टेप असतेच. शेपटी फारच लांब असेल तर ती कापून टोक मेणबत्तीवर धरून वितळवतात, म्हणजे धागे सुटत नाहीत. मालकाचे नाव कोरलेली पितळी पट्टी रिव्हेटने ठोकायची रीत अमेरिकेत जुनी आहे. रिव्हेटचे डोके कातडीकडून सपाट आहे ना, एवढे मात्र पाहावे लागते. लोंबते धातूचे बिल्ले टोकांजवळ नसावेत. आणि या पट्ट्याला साखळी किंवा दोरी कधीही लावू नये. ओढ बसली की टोके कातडीत रुततात. ओढायला साधा पट्टा वेगळा घालावा.

कुत्र्याचा माग दाखवणारा पट्टा सगळ्यात अडचणीचा. त्यात उपग्रहाचा ॲन्टेना मानेच्या वर आकाशाकडे हवा आणि जड बॅटरीची डबी खाली. वजन खाली असल्याने डबी आपोआप गळ्याखाली येते, एवढे बरे. पण पट्टा सैल असला की सगळे गोल फिरते आणि ॲन्टेना छातीखाली जातो. उभी असलेली रेडिओची तार मोडू नये म्हणून ती पट्ट्यावर टेपने घट्ट बांधणारे असतात. टेक्सस, फ्लोरिडात रानडुकराच्या मागे सोडलेल्या कुत्र्यांना सुळ्यांपासून वाचवायला मानेवर रुंद, जाड कापडी कवच चढवतात. ते मानेची उंची खाऊन टाकते आणि ई-कॉलरला जागा उरत नाही. मग कवचाच्या वरच्या काठाला, कानांच्या लगत, ती बसवावी लागते.

मानेवर दिसणाऱ्या खोल, गोल जखमा बहुतेकदा विजेच्या भाजण्याच्या समजल्या जातात. प्रत्यक्षात त्या बहुधा दाबाच्या असतात. तेच पोलादी टोक तासन्‌तास एकाच जागी दाबले गेले की त्याखालचा रक्तपुरवठा थांबतो आणि कातडी मरते. बैलाला जुवाखाली खांदेसूज येते तो याच जातीचा प्रकार, फक्त इथे जू दोन टोकांचे आहे. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. शहरी कुत्रेमालकाला लागते. म्हणून पट्टा दर एक-दोन तासांनी थोडा सरकवावा, दिवसात आठ-दहा तासांहून जास्त ठेवू नये, रात्री काढून टाकावा, आणि आठवड्यातून एकदा तरी मान आणि टोके स्वच्छ धुऊन पुसावीत. पाण्यातल्या कामानंतर पट्ट्याखालची ओल तशीच राहिली तर कातडी चिघळते. लालसरपणा दिसला की ती जागा भरून येईपर्यंत पट्टा बंद.

बसवणीचा एक भाग कुत्र्याच्या मनाशीही जोडलेला आहे. पट्टा चढला की झटका आणि उतरला की मोकळीक, हा हिशेब हुशार कुत्रा दोन दिवसांत मांडतो. असा कुत्रा अमेरिकन बोलीत ‘कॉलर-वाइज’ म्हणजे पट्ट्याचे गुपित ओळखलेला. त्यावर उपाय म्हणून आधी कित्येक दिवस बंद पट्टा किंवा त्याच वजनाची नकली डबी घालून फिरवतात. तेव्हाही घट्टपणा खऱ्या पट्ट्याइतकाच ठेवतात, नाहीतर कुत्रा तो फरकही ओळखतो.

कायद्याचे चित्र देशागणिक बदलते. वेल्सने २०१० मध्ये हे पट्टे बंद केले. जर्मनीत २००६ साली सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्यांच्या वापराविरुद्ध निर्णय दिला. ब्रिटिश सरकारच्या पैशांतून झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिंकन विद्यापीठाच्या अभ्यासात बक्षीस देऊन शिकवण्यापेक्षा या पट्ट्याचा ठळक फायदा दिसला नाही. अमेरिकेत मात्र तो दुकानात सहज मिळतो. न्यूझीलंडचे प्रकरण आणखी वेगळे. तिथे रानात नेल्या जाणाऱ्या कुत्र्यांना किवी पक्ष्यापासून दूर राहायला शिकवण्यासाठी तेथील संवर्धन विभाग हाच पट्टा वापरतो. कुत्रे किवी मारतील ही भीती पोकळ नाही : १९८७ मध्ये वैतांगीच्या जंगलात एकट्या एका जर्मन शेफर्ड कुत्रीने तिथल्या सुमारे ९०० किवींपैकी अंदाजे ५०० मारले.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळपास पूर्ण थांबवली, त्यामुळे शिकारीसाठीच्या ई-कॉलरला इथे कायदेशीर जागा नाही. ऑनलाइन बाजारातून येणारे पट्टे घरगुती कुत्र्यांच्या मानेवर जातात, बहुधा वर सांगितलेल्यापैकी काहीही न पाहता. महाराष्ट्र-कर्नाटकच्या सीमेवरचा कारवानी, ज्याला मुधोळ हाउंड म्हणतात, हा ससे-काळविटांमागे धावणाऱ्या कुत्र्यांचाच वंशज. त्याचे डोके मानेपेक्षा अरुंद, म्हणून साधा पट्टा मागे ओढताच सुटून येतो, आणि कातडी पातळ, केस तोकडे, त्यामुळे लांब टोके त्याला लगेच रुततात.