व्यायामाचा हिशेब वजनकाट्यावर मांडू नका

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात संशोधकांनी विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावले. नुसते पडून राहिल्याने शरीराचे काय होते, हे त्यांना बघायचे होते. जोर लावून काम करताना शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे दमसासाचे सर्वांत भरवशाचे माप मानले जाते. तीन आठवड्यांत ते २७ टक्क्यांच्या आसपास घसरले. हृदय दर ठोक्याला पूर्वीपेक्षा कमी रक्त ढकलू लागले होते. मग आठ आठवडे कसून व्यायाम करून घेतल्यावर ही घट भरून निघाली.

तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले गेले. आता ते पन्नाशीला आले होते. वजन सरासरी २५ टक्क्यांनी वाढले होते आणि अंगातल्या चरबीचे प्रमाण दुप्पट झाले होते. तरीही त्यांच्यापैकी कोणाचाही दमसास विशीतल्या त्या तीन आठवड्यांनंतर होता तेवढा खालावलेला नव्हता. थोडक्यात, तीस वर्षांच्या वयाने केले त्यापेक्षा जास्त नुकसान तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने केले होते. पुढे सहा महिने त्यांच्याकडून चालणे, हळू धावणे आणि सायकल चालवणे असा व्यायाम करून घेतला गेला. सुरुवात अगदी थोडक्यात होती, शेवटी तो आठवड्याला साडेचार तासांपर्यंत गेला. विशीत कसून व्यायाम केल्यावर गाठलेली उंची काही पुन्हा हाती आली नाही, पण प्रयोगाआधीचा विशीतला दमसास मात्र परत मिळाला.

पाच जणांचा प्रयोग लहानच म्हणायचा. पण शरीराकडून जे वारंवार मागितले जाते त्यासाठी ते तयार होते आणि जे मागितले जात नाही ते सोडून देते, हे त्यातून जितके स्वच्छ दिसते तितके फार थोड्या ठिकाणी दिसते.

आपण मात्र व्यायामाकडून भलतीच अपेक्षा ठेवतो. मनात पक्के बसलेले असते की व्यायाम म्हणजे वजन उतरवण्याचे साधन. माणूस उत्साहाने सुरुवात करतो, महिनाभर नेमाने चालतो, काट्यावर उभा राहतो आणि काटा जागचा हललेला नसतो. मग ‘मला काही लागू पडत नाही’ म्हणून तो सोडून देतो. याचे मला मनापासून वाईट वाटते. त्या महिन्यात त्याच्या शरीरात बरेच काही चांगले घडलेले असते, फक्त ते वजनकाट्यावर दिसत नाही.

आकडेच पाहा. ७० किलो वजनाचा माणूस अर्धा तास झपझप चालला तर साधारण १४० कॅलरी खर्च होतात. साखरेच्या थंड पेयाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात जवळपास तेवढ्याच कॅलरी असतात आणि तो रिकामा करायला दोन मिनिटे पुरतात. दिवसभराच्या खर्चातला मोठा वाटा, बहुतेकांच्या बाबतीत निम्म्याहून बराच जास्त, नुसते जिवंत राहण्यात जातो. हृदय, मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे झोपेतही थांबत नाहीत. त्यात भर म्हणजे, व्यायाम वाढला की शरीर इतर कामांतला खर्च काही अंशी आवरते घेत असावे. मानवशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शरीराचे आकारमान जमेस धरल्यावर, रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या हाड्झांचा खर्च बैठे जीवन जगणाऱ्या पाश्चात्त्य लोकांच्या जवळपासच भरला.

म्हणून वजन उतरवायचे असेल तर मुख्य काम ताटात आहे. व्यायामाची त्याला साथ होते आणि उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्यात तर फारच होते. पण व्यायामाची खरी कमाई वेगळी आहे.

तिचा पहिला ठळक पुरावा लंडनच्या दुमजली बसगाड्यांनी दिला. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली दाखवून दिले की, दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांच्या तुलनेत त्याच गाडीतल्या वाहकांना हृदयविकार बराच कमी होत होता. दोघांची नोकरी एकाच ठिकाणची, पण वाहक तिकिटे देत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे. चालक आधीपासूनच जाड असतील, अशी शंका अर्थातच निघाली. मॉरिस यांनी गणवेशांच्या कमरेची मापे काढून तीही तपासली. चालकांच्या कमरा खरोखरच रुंद होत्या. तरीही सडपातळ, मध्यम आणि स्थूल अशा प्रत्येक गटात वाहकच जास्त सुरक्षित ठरले. जाड राहूनही हालचालीचा फायदा मिळतो, हे इतक्या जुन्या काळापासून माहीत आहे.

हा फायदा येतो कुठून? रक्तातल्या साखरेचे उदाहरण घेऊ. जेवणानंतर रक्तात आलेली साखर पेशींमध्ये शिरण्यासाठी इन्सुलिन लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. इन्सुलिनच्या इशाऱ्यावर स्नायूंच्या पेशींमधले ‘ग्लुट-४’ नावाचे प्रथिन आतून पृष्ठभागावर येते आणि साखरेला आत घेते. पण स्नायू आकुंचन पावू लागला की हेच प्रथिन इन्सुलिनच्या इशाऱ्याशिवायही पृष्ठभागावर येते. मधुमेहात इन्सुलिनचा निरोप नीट पोहोचत नसला तरी ही दुसरी वाट बऱ्याच अंशी चालू असते. म्हणून जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे साधे चालले तरी साखरेची उसळी कमी होते. या लेखातली एकच गोष्ट करायची ठरवलीत तर ही करा, असे मी म्हणेन. तिला वेगळे कपडे लागत नाहीत, घाम येत नाही आणि ती उद्यापासून जमते. (इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, कारण साखर जास्त उतरू शकते.) नियमित व्यायामाने स्नायूंच्या पेशींतल्या तंतुकणिकाही वाढतात. इंधन जाळून ऊर्जा तयार करणे हे त्यांचे काम, त्यामुळे त्या वाढल्या की तोच जिना चढताना धाप कमी लागते. हा फरक काही आठवड्यांत जाणवतो. काट्याऐवजी त्याच्याकडे लक्ष ठेवा.

किती व्यायाम पुरेसा? जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी की, प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकदीचे काम द्यावे. मध्यम म्हणजे काय, हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, तो मध्यम वेग. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोरकस. पूर्वी सलग दहा मिनिटांचाच व्यायाम हिशेबात धरत, ती अट आता काढून टाकली आहे. जिन्याचे चार मजले मोजले जातात, बस पकडायला केलेली धावपळही मोजली जाते.

रोज दहा हजार पावलांच्या आकड्याचा मात्र उगीच धसका घेऊ नका. तो प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले, त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाचे होते. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांच्या २०१९ मधल्या अमेरिकी अभ्यासात, रोज ४४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण २७०० पावलांवाल्यांपेक्षा बरेच कमी आढळले. ते आणखी घटत गेले आणि साधारण ७५०० पावलांनंतर स्थिरावले. धडधाकट माणसेच जास्त चालतात, हा आक्षेप अशा अभ्यासांवर घेता येतो आणि तो रास्त आहे. तरी अगदी कमी हालचाल करणाऱ्याने उचललेले पहिली दोन हजार जादा पावलेच सर्वांत जास्त फळ देतात, ही दिशा वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसते.

आता ताकदीचा व्यायाम. तो बहुतेक जण गाळतात आणि वय वाढेल तसा तोच जास्त लागतो. तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात आणि साठीनंतर झीज वेग घेते. खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागणे, पिशवी जड वाटणे, तोल जाणे या तक्रारींत वयाचा दोष असतो, पण स्नायू न वापरल्याचा दोषही मोठा असतो. १९९० साली बोस्टनमधल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला. वजनेही नावापुरती नव्हती, चांगली जड होती. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांची पायांतली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी चालायची काठी सोडली. इतक्या लवकर स्नायूचा आकार फारसा वाढत नाही. आधी चेतासंस्था सुधारते, म्हणजे मेंदू आहे त्याच स्नायूतले जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला शिकतो.

घरी सुरुवात करायला खुर्ची आणि भिंत पुरते. हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठा आणि सावकाश बसा. बसतानाचा सावकाशपणा सोडू नका, स्नायूला खरे काम तिथेच मिळते. भिंतीला हात टेकून जोर काढा, सोपे वाटू लागले की टेबलाला टेकून आणि पुढे जमिनीवर. पायरीवर चवडे टेकवून टाचा वर-खाली करा. दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन खोलीत फेऱ्या मारा. आकडा आठ असो की पंधरा, शेवटच्या दोन-तीन आवर्तनांत कष्ट पडले पाहिजेत. तीसही आरामात होत असतील तर वजन वाढवण्याची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकले तर घाबरायचे कारण नाही, सांध्यात कळ आली तर मात्र तो प्रकार थांबवावा.

खाण्याकडे वळताना मला एक प्रयोग सांगायचाच आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले संशोधक केव्हिन हॉल यांनी वीस जणांना चार आठवडे संस्थेतच ठेवले. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले, अतिप्रक्रिया केलेले पदार्थ आणि दोन आठवडे साधे, ताजे शिजवलेले अन्न. पुढ्यात ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, चरबी, तंतू (फायबर) आणि मीठ यांचे प्रमाण सारखे राखले होते. हवे तेवढे खा, एवढीच सूचना. कारखानी अन्नावर लोकांनी रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि वजन सरासरी ०.९ किलो वाढले. साध्या अन्नावर ते तेवढेच उतरले. कोणी उपाशी राहिले नव्हते, कोणी निग्रह केला नव्हता. कारखानी अन्न लोक जास्त भराभर खात होते, हेही नोंदले गेले. पोट भरल्याची रसायने आतड्यातून निघून मेंदूला निरोप द्यायला काही मिनिटे घेतात, आणि मऊ, चावायला न लागणारे अन्न तोवर पोटात गेलेलेही असते.

फळ आणि फळाचा रस यांतला फरकही तोच. १९७७ च्या एका प्रयोगात सफरचंदाचा रस अख्ख्या सफरचंदापेक्षा अकरा पट वेगाने संपला आणि त्याने पोटही कमी भरले. साखर दोन्हीत सारखीच होती. म्हणून फळ चावून खा. तहानेला पाणी प्या.

बाकी ताटाचे नियम मोजके आहेत. भाज्या आणि फळे मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम. मीठ सर्व मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, आणि त्यात तयार पदार्थांतले न दिसणारे मीठही आले. वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत. प्रथिने वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅमपेक्षा कमी नकोत. वयस्कांना आणि ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांना थोडी जास्त चालतात, पण मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मासे यांपैकी जे खाता ते एकाच जेवणात न कोंबता दिवसभरात वाटून घ्या. कडधान्यांतून तंतूही मिळतात, म्हणून ती मला सर्वांत गुणी वाटतात. अमुक एक पदार्थ वर्ज्य करा, तमुक पावडर घ्या असल्या सल्ल्यांवर वेळ घालवू नका. झोपही यातच येते. अपुऱ्या झोपेनंतर भूक वाढवणारे घ्रेलिन वाढल्याचे आणि भूक आवरणारे लेप्टिन घटल्याचे प्रयोगांत आढळले आहे. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी गोडाकडे हात जातो तेव्हा स्वतःला दोष देण्याआधी रात्र आठवावी.

हे अंगवळणी पडायला किती दिवस? युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी रोजची कृती आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, कोणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. नवी गोष्ट आधीच ठरलेल्या एखाद्या कामाला जोडली तर ती सोपी जाते. जेवण झाले की चालायला निघायचे, दात घासले की खुर्चीतून उठ-बस करायची.

फार वर्षे बैठे राहिलेल्यांनी, हृदयविकार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. बहुतेकांना चालण्याची मुभा लगेच मिळते, जोरकस व्यायामासाठी कधी कधी तपासणी लागते. व्यायाम करताना छातीत दाब किंवा जडपणा, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप असे काही झाले तर तिथेच थांबावे आणि लगेच वैद्यकीय मदत घ्यावी. दोन मिनिटांत बरे वाटले तरीही.