इंजिन डाउनसायझिंग

मोटारीतल्या मोठ्या, जास्त ताकदीच्या इंजिनाच्या जागी कमी सीसीचे आणि कमी इंधन खाणारे इंजिन वापरणे म्हणजे इंजिन डाउनसायझिंग. हे दोन ठिकाणी घडते. कारखान्यात नव्या मॉडेलला आधीच्या दोन लिटर इंजिनाऐवजी एक किंवा सव्वा लिटरचे, बहुधा टर्बोचार्जर (एक्झॉस्टच्या वायूंवर फिरून सिलिंडरमध्ये जादा हवा भरणारा पंखा) लावलेले इंजिन दिले जाते. आणि वर्कशॉपमध्ये वापरातल्या गाडीचे सहा किंवा आठ सिलिंडरचे इंजिन उतरवून चार सिलिंडरचे बसवले जाते. दोन्हींमागचा हिशेब एकच आहे. इंजिन आपल्या क्षमतेच्या किती भारावर चालते, त्यावर त्याची इंधनाची भूक ठरते. हा भार न पाहता नुसती सीसी कमी केली, तर ॲव्हरेज वाढेलच असे नाही. जड गाडीत ते घटतेही.

भाराचा हिशेब

१,४०० किलो वजनाची साधारण आकाराची मोटार सपाट रस्त्यावर ताशी ९० किमी वेगाने चालली असेल, तर टायरांचा रोध सुमारे १५० न्यूटन आणि हवेचा सुमारे २५० न्यूटन असतो. एवढ्यासाठी चाकांवर जेमतेम १० किलोवॅट ताकद लागते. दीडशे किलोवॅटचे इंजिन असलेली गाडी रोजच्या प्रवासात बहुतेक वेळ क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत चालते, आणि पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता नेमकी तिथेच सर्वांत वाईट असते.

याचे मुख्य कारण थ्रॉटल. कमी ताकद हवी असली की थ्रॉटलची झडप मिटते, इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) निर्वात तयार होतो आणि पिस्टनला त्याविरुद्ध हवा ओढावी लागते. ही पंपिंगची हानी. दुसरी हानी घर्षणाची: रिंगा, बेअरिंग, कॅमशाफ्ट, ऑइल पंप यांना फिरवायला लागणारी ताकद भार कमी झाला म्हणून फारशी कमी होत नाही. सिलिंडर जितके जास्त आणि मोठे, तितका हा कायमचा खर्च जास्त.

इंजिनावरचा भार सरासरी परिणामी दाबात मोजतात. दर चार-स्ट्रोक चक्राला, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत, इंजिनाच्या प्रत्येक लिटरमागे किती काम होते, ते या आकड्यातून कळते. वरचे १० किलोवॅट २,००० आरपीएमला (मिनिटाला क्रँकचे फेरे) ३ लिटरच्या इंजिनातून काढले, तर हा दाब २ बार येतो, १.२ लिटरच्या इंजिनातून काढले, तर ५ बार. २ बारला पेट्रोल इंजिन दर किलोवॅट-तासाला साधारण ३८० ग्रॅम इंधन घेते, ५ बारला साधारण २८०. म्हणजे १०० किलोमीटरला ५.७ लिटरऐवजी ४.२ लिटर, अर्थात लिटरला साडेसतराऐवजी चोवीस किलोमीटर. (गिअरबॉक्समधली हानी, अल्टरनेटर आणि एसी यात धरलेले नाहीत, ते धरले तर दोन्ही आकडे बिघडतात, फरक मात्र राहतो.)

ताशी १३० किमीला हीच गाडी सुमारे २४ किलोवॅट मागते. तेव्हा मोठे इंजिनही बऱ्या भारावर आलेले असते, त्यामुळे दोघांतले अंतर कमी होते. डाउनसायझिंगचा फायदा हलक्या पायाच्या, शहरी आणि मध्यम वेगाच्या वापरात सर्वाधिक असतो, तो यामुळेच. लहान इंजिन लवकर तापते, हाही छोट्या फेऱ्यांत मिळणारा खरा फायदा आहे. डिझेल इंजिनात ताकद थ्रॉटलने नव्हे, तर इंधनाच्या मात्रेने कमी-जास्त होते. पंपिंगची हानी मुळातच कमी असल्याने तिथे मिळणारी बचत मुख्यतः घर्षणातली असते आणि प्रमाणही लहान असते.

टर्बोची जोड

साध्या पेट्रोल इंजिनाची कमाल मजल ११ ते १२ बारपर्यंत जाते. लहान इंजिनाने मोठ्याची ताकद द्यायची, तर त्यात हवा कोंबावी लागते. टर्बोमुळे हा दाब २० ते २५ बारपर्यंत नेता येतो. मग दाबून तापलेली हवा इंटरकूलरमधून थंड करणे आले, आणि नॉकिंग (मिश्रणाचा काही भाग आपोआप भडकून होणारी ठोकठोक) टाळण्यासाठी कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा, १०:१ च्या आसपास उतरवणे आले. थेट सिलिंडरमध्ये फवारलेले इंधन उडताना मिश्रणाला थंड करते, म्हणून टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन बहुतेकदा जोडीने येतात.

याला वेग आला तो युरोपच्या नियमांमुळे. तिथे नव्या गाड्यांच्या ताफ्याची सरासरी २०१५ पर्यंत १३० ग्रॅम आणि २०२१ पासून ९५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड प्रति किमी इतकी खाली आणायची होती. ९५ ग्रॅम म्हणजे पेट्रोलवर १०० किमीला सुमारे ४.१ लिटर. फोक्सवॅगनने २००५ मध्ये १.४ लिटरच्या इंजिनाला सुपरचार्जर (इंजिनानेच फिरवलेला हवा भरणारा पंप) आणि टर्बो असे दोन्ही लावून १२५ किलोवॅट काढले. फियाटचे ८७५ सीसीचे दोन सिलिंडरी ट्विनएअर २०१० मध्ये आले, फोर्डचे ९९९ सीसीचे तीन सिलिंडरी इकोबूस्ट २०१२ मध्ये. शर्यतींतही हेच झाले: २०१४ मध्ये फॉर्म्युला वनने २.४ लिटरचे व्ही-८ सोडून १.६ लिटरचे टर्बो व्ही-६ हायब्रिड घेतले आणि शर्यतीला १०० किलो इंधनाची मर्यादा घातली.

कागदावरचे ॲव्हरेज आणि रस्त्यावरचे ॲव्हरेज यांत मात्र मोठी दरी पडली. युरोपच्या जुन्या एनईडीसी चाचणीत गाडी शून्यावरून ताशी ५० वर यायला २६ सेकंद घेई. इतक्या हलक्या भारावर लहान टर्बो इंजिन फार चांगले दिसे. प्रत्यक्षात पाय दाबला, चढ लागला, गाडी भरली की टर्बो दाब देतो आणि इंधनही तितकेच जाते. भार फार वाढला, तर एक्झॉस्टचे तापमान आटोक्यात ठेवण्यासाठी ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) मिश्रण गडद करतो, म्हणजे हवा आणि इंधनाचे १४.७:१ हे प्रमाण १२ ते १३ वर आणतो. हे जादा पेट्रोल ताकद देण्यासाठी नाही, टर्बाइन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी जाळले जाते. २०१७ पासून जास्त कडक डब्ल्यूएलटीपी चाचणी लागू झाल्यावर काही उत्पादकांनी सीसी पुन्हा थोडी वाढवली, फोक्सवॅगनच्या १.४ ची जागा १.५ लिटरने घेतली. माझदाने तर टर्बोशिवाय, मोठे आणि उंच कॉम्प्रेशनचे इंजिन ठेवूनच बचत साधली. गाडीच्या वजनाला साजेसे इंजिन निवडणे, हा विचार निव्वळ लहान करण्यापेक्षा शहाणपणाचा आहे.

कुठे बिघडते

सर्वांत घातक बिघाड म्हणजे कमी आरपीएमवरचे अवेळी प्रज्वलन. चालक १,५०० आरपीएमला वरच्या गिअरमध्ये पेडल तळापर्यंत दाबतो. टर्बो भरपूर हवा भरतो, पिस्टन सावकाश चढत असतो. पहिल्या रिंगच्या वरच्या फटीत साचलेला ऑइल आणि पेट्रोलचा थेंब सुटून ठिणगीआधीच पेट घेतो. सिलिंडरमधला दाब नेहमीच्या कमाल दाबाच्या दुपटीपर्यंत उसळू शकतो आणि एका फटक्यात रिंगांमधला पिस्टनचा कठडा तुटतो. ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटने हा धोका वाढतो, मॅग्नेशियमयुक्ताने घटतो. म्हणूनच एपीआय या ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेने २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हा दर्जा आणला. अशा इंजिनात एसपी किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल घालावे, आणि ओढ हवी असेल तेव्हा एक गिअर खाली टाकावा.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही, त्यामुळे ब्रीदरमधून (क्रँककेसमधली वाफ इनटेककडे नेणाऱ्या नळीतून) येणारी ऑइलची वाफ तिथे कार्बन होऊन चिकटते. आयडलिंग अस्थिर होते, मिसफायर येतो. टाकीत ओतायचे क्लीनर तिथवर पोहोचतच नाही. मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करून व्हॉल्व्ह साफ करावे लागतात. थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्यांत पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर ऑइल मुदतीआधी बदलावे. काही लहान इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. चुकीच्या किंवा पेट्रोल मिसळलेल्या ऑइलने त्याचे रबर सुटते, तुकडे ऑइल चेंबरमधल्या जाळीत अडकतात आणि ऑइलचा दाब पडतो. तीन सिलिंडरची थरथर हा मात्र दोष नव्हे. पण ती अचानक वाढली, तर आधी इंजिनाचे माउंटिंग तपासावे.

वापरातल्या गाडीत लहान इंजिन बसवणे

त्याच मॉडेलला कंपनीने कधीतरी लहान इंजिन दिले असेल, तर काम निम्मे सोपे होते: माउंटिंग, गिअरबॉक्स, हार्नेस (वायरिंगचा जुडगा) आणि रेडिएटरचे पाइप यांसह पूर्ण संच एकाच गाडीतून काढावा. सुटे भाग गोळा करत बसलेले काम हमखास वायरिंगपाशी अडते. नवीन इंजिनासोबत त्याचा ईसीयू, इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारे यंत्र) आणि त्याला जुळलेली चावी, दोन्ही ऑक्सिजन सेन्सर आणि ॲक्सिलरेटर पेडल घेतलेच पाहिजे.

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या कुळांतले असतील, तर मध्ये ॲडॉप्टर प्लेट येते. या जागी घाई करू नये. बेल हाउसिंगचे (क्लचवरच्या, गिअरबॉक्सच्या पुढच्या आवरणाचे) भोक क्रँकशाफ्टच्या मध्याशी जुळायला हवे. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून एक पूर्ण फेरा फिरवला असता काटा ०.१२ मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. जास्त हलला तर क्लच झटके देतो, गिअर अवघड पडतात आणि काही महिन्यांत इनपुट शाफ्टचे बेअरिंग आवाज करू लागते. क्लच प्लेटचा बाहेरचा व्यास फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटला जुळावा, आतले दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टला. क्रँकच्या टोकातले पायलट बेअरिंग नव्या मापाचे करून घ्यावे. प्लेटच्या जाडीइतका शाफ्ट मागे जातो, तेवढ्यासाठी ते गिअरबॉक्सच्या दिशेने बाहेर आणावे लागते. इंजिन उतरवताना ऑइल चेंबर क्रॉसमेंबरवर टेकतो का, हे बोल्ट आवळण्याआधी पाहावे.

जुने इंजिन कार्बोरेटरचे आणि नवे इंजेक्शनचे असेल, तर इंधनाचा दाब ०.३ बारच्या आसपासवरून ३ ते ४ बारवर जातो: नवा पंप, दाब सहन करणारे पाइप, बहुतेक इंजिनांना रिटर्न लाइन आणि टाकीत आडवे पडदे किंवा लहान उपटाकी हवी. नाहीतर वळणावर पेट्रोल बाजूला सरकून इंजिन खोकते. रेडिएटर मोठाच राहू द्यावा. तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. पुढचे वजन शंभर किलोपर्यंत उतरू शकते, तेव्हा नाक वर उचललेले दिसते: मऊ स्प्रिंग, मग व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा या क्रमाने काम करावे.

क्राउन पिनियन (चाकांकडे जाण्याआधी फेरे कमी करणारी शेवटची दातेरी जोडी) विसरले, तर सगळी मेहनत वाया जाते. मोठ्या इंजिनासाठी ३.१ चा रेशो असलेल्या गाडीत वरचा गिअर ०.८ चा आणि टायरचा घेर २ मीटर धरला, तर ताशी ९० किमीला १,८६० आरपीएम येतात. तिथे टर्बो नसलेले लहान इंजिन चढावर ओढत नाही, आणि चालक सतत एक गिअर खाली, पेडल दाबून गाडी हाणतो. ४.१ चा रेशो टाकला की २,४६० आरपीएम होतात. १.२ लिटरच्या इंजिनावरचा भार ५.४ वरून ४.१ बारवर उतरतो, थोडी बचत जाते, पण गाडी चालवण्याजोगी होते.

बचत लिटरमध्ये मोजावी. लिटरला ८ वरून १२ किमी झाले, तर १०,००० किमीला ४१७ लिटर वाचतात. १८ वरून २२ झाले, तर फक्त १०१. वाढ दोन्हीकडे चार किलोमीटरचीच. म्हणून फार पिणाऱ्या गाडीतच इंजिन बदलणे परवडते. ट्रेलर ओढणाऱ्या किंवा कायम घाटात भरून चालणाऱ्या गाडीत ते करू नये. इंजिन क्रमांक, इंधन आणि प्रदूषण नियम बदलत असल्याने नोंदणी आणि विम्यात फेरबदल कामाआधीच मंजूर करून घ्यावा.

मोजताना एक फसगत नेहमी होते. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघत असेल, तर ३.१ चे ४.१ केल्यावर खऱ्या १०० किमीला मीटर १३२ दाखवतो, आणि न झालेली बचत कागदावर झालेली दिसते. केबलचा गिअर त्याच प्रमाणात बदलावा, रस्त्याकडेच्या किलोमीटर दगडांवर मीटर पडताळावा, आणि मगच टाकी काठोकाठ भरून ॲव्हरेज काढावे.