इम्पोस्टर सिंड्रोम (तंत्रक्षेत्रातील)

आपण या कामाच्या लायकीचे नाही, आजवर कशीबशी वेळ मारून नेली आणि एक दिवस बिंग फुटणार, अशी चांगले काम करणाऱ्याच्याच मनात घर करून बसणारी भीती. यश मिळाले तर ते नशिबाने किंवा काम सोपे होते म्हणून, आणि चूक झाली तर मात्र ती आपल्याच नालायकीमुळे, असा हा उफराटा हिशेब असतो. म्हणूनच बढती मिळाली तरी भीती ओसरत नाही, उलट वाढते.

पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवांवरून ही अवस्था प्रथम मांडली. पुढे ती पुरुषांमध्येही आढळली. क्लान्स यांनी १९८५ मध्ये तयार केलेल्या मोजपट्टीत २० विधाने असून गुण २० ते १०० पडतात. मानसिक विकारांच्या अधिकृत वर्गीकरणात मात्र तिला स्थान नाही. ६२ अभ्यासांच्या एका आढाव्यात (२०२०) तिचे प्रमाण ९ ते ८२ टक्के इतके कमीजास्त निघाले. त्यामुळे ‘सत्तर टक्के लोकांना हे होते’ अशी विधाने जपूनच घ्यावीत.

तंत्रक्षेत्रात या भीतीला आयतेच खतपाणी मिळते. डेटाबेस, नेटवर्क, सुरक्षा, फ्रंटएंड (वापरकर्त्याला दिसणारा भाग) हे सगळे एकाच माणसाला येणे शक्य नसते. तरीही जे येत नाही तेच सतत डोळ्यांसमोर राहते. सहकाऱ्याचा मंजूर झालेला कोड दिसतो, त्याआधी त्याने पुसून टाकलेले प्रयत्न दिसत नाहीत. कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी कोड तपासतात तेव्हा, ‘हे असं का केलं?’ अशी टिप्पणी येते. विचारणाऱ्याला खरोखरच कारण हवे असते. वाचणाऱ्याला तो आरोप वाटतो. मीटिंगमध्ये अनोळखी संक्षेप ऐकून सगळे मान डोलावतात, अर्थ कोणीच विचारत नाही.

अशी माणसे एकतर गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयारी करतात, नाहीतर काम शेवटच्या घटकेपर्यंत ढकलतात. मदत मागणे म्हणजे कबुलीजबाब, असे वाटल्याने तासाभराच्या अडचणीत दोन दिवस जातात.

वरील आढाव्यात उपचारांची परिणामकारकता तपासणारा एकही अभ्यास सापडला नव्हता. म्हणजे पुढचे उपाय अनुभवातून आलेले आहेत. आधी भीती आणि उणीव वेगळ्या कराव्यात. ‘मला काहीच येत नाही’ यावर अभ्यास करता येत नाही. ‘इंडेक्स (डेटाबेसमधील शोध वेगवान करणारी सूची) कधी लावायचा ते कळत नाही’ यावर करता येतो. केलेल्या कामांची आणि सोडवलेल्या बगांची (कोडमधील चुकांची) तारीखवार नोंद ठेवावी, कारण अशा मनाला चुका तेवढ्या लक्षात राहतात. अडल्यावर किती वेळ एकट्याने झुंजायचे ते आधीच ठरवावे आणि विचारताना ‘हे करून पाहिलं, इथे अडलंय’ असे नेमके सांगावे.

नुसत्या ‘तू छान काम करतोस’ने फारसे काही होत नाही, असे म्हणणाराही आपल्याला फसला, असे मन म्हणते. अनुभवी माणसाने चारचौघांत ‘मला माहीत नाही, बघून सांगतो’ म्हणणे अधिक उपयोगी पडते. सर्व्हर बंद पडल्यावर ‘कोणामुळे’ऐवजी ‘व्यवस्थेने हे होऊ कसं दिलं’ याची चौकशी करणारी, दोषारोपाविना आढाव्याची पद्धत अनेक संघांनी स्वीकारली आहे, तिचाही फायदा होतो.

या संकल्पनेवर महत्त्वाचा आक्षेपही आहे. रुचिका तुलशियान आणि जोडी-ॲन ब्यूरी या लेखिकांनी २०२१ मध्ये असे मांडले, की पक्षपाती कार्यस्थळामुळे येणारी अस्वस्थता स्त्रियांच्या, विशेषतः अश्वेत स्त्रियांच्या, मनातील दोष म्हणून खपवली जाते. जिथे एखाद्यालाच पुन्हा पुन्हा पात्रता सिद्ध करावी लागते, तिथे समुपदेशनाआधी संघाची वागणूक तपासायला हवी.