दूरध्वनीवरील फसवणूक आणि वैयक्तिक माहितीचे संरक्षण

बँक, सरकारी कार्यालय, मोबाइल कंपनी किंवा नातेवाईक असल्याची बतावणी करून फोनवर गोपनीय माहिती काढून घेण्याच्या प्रकाराला ‘व्हिशिंग’ म्हणतात. ओटीपी, पिन, सीव्हीव्ही (कार्डावरचा छोटा सुरक्षा क्रमांक) आणि पासवर्ड यांवर भामट्यांचा मुख्य डोळा असतो. पण जन्मतारखेसारखी किरकोळ वाटणारी माहितीही पुढच्या फोनसाठी जमवली जाते.

फोन उचलणाऱ्याला पलीकडे कोण आहे हे पडताळण्याची खात्रीची सोय नसते. स्क्रीनवर झळकणारा क्रमांक इंटरनेटवरून केलेल्या कॉलमध्ये बदलता येतो. यालाच स्पूफिंग म्हणतात. अमेरिकेत नको असलेल्या स्वयंचलित कॉलना आळा घालणाऱ्या २०१९च्या ट्रेस्ड कायद्यानंतर मोठ्या दूरसंचार कंपन्यांना ३० जून २०२१पर्यंत ‘स्टर-शेकन’ ही डिजिटल स्वाक्षरीची पद्धत आपल्या आयपी (इंटरनेट तंत्रावर चालणाऱ्या) जाळ्यांवर लागू करावी लागली. तिने क्रमांकाची शहानिशा होते, बोलणाऱ्याच्या हेतूची नाही.

भामटा सहसा रिकाम्या हाताने फोन करत नाही. कुठून तरी फुटलेल्या माहितीतून नाव, पत्ता, कार्डाचे शेवटचे चार अंक त्याला मिळालेले असतात. ते तो स्वतःच सांगतो आणि विश्वास बसला, की ‘ओळख पटवण्यासाठी’ म्हणून उरलेले मागतो. वास्तविक ओळख पटवून द्यायची ती फोन करणाऱ्याने. पण ग्राहकांना फोन करून त्यांनाच जन्मतारीख विचारण्याची पद्धत अनेक संस्थांनी रूढ केली, तेव्हा सगळा दोष फसलेल्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. त्यात खाते गोठण्याची, अटकेची भीती घातली जाते आणि ‘फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका’ असे बजावले जाते.

सर्वांत भरवशाचा उपाय साधा आहे: फोन ठेवायचा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करायचा. समोरच्याने दिलेला किंवा इंटरनेटवर शोधून सापडलेला क्रमांक नको. बनावट हेल्पलाइनही तिथे असतात. काही जुन्या लँडलाइन यंत्रणांत फोन करणाऱ्याने रिसीव्हर ठेवेपर्यंत जोडणी काही काळ तुटत नसे. भामटे तेवढ्यात खोटा डायल टोन ऐकवत आणि ‘बँके’च्या नावाने पुन्हा तेच बोलत. म्हणून लँडलाइन असेल तर दुसऱ्या फोनवरून खात्री करावी. आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारे ॲप कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नये. ओटीपी मग तोंडाने सांगावाही लागत नाही.

सिम स्वॅपमध्ये मोबाइल कंपनीलाच फसवून क्रमांक दुसऱ्या सिमवर वळवतात, म्हणजे एसएमएसने येणारे ओटीपीही भामट्याकडे जातात. अचानक नेटवर्क गेले आणि परत आले नाही, तर ही शक्यता धरावी. महत्त्वाच्या खात्यांना एसएमएसऐवजी फोनवरच कोड तयार करणारे ऑथेंटिकेटर ॲप बरे. अर्थात तांत्रिक जाण हे कवच नव्हे: जुलै २०२०मध्ये ट्विटरच्या कर्मचाऱ्यांनाच फोनवर फसवून नामवंतांची खाती ताब्यात घेतली गेली. हल्ली आवाजाचीही नक्कल होते. त्यासाठी घरच्यांत एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवता येतो.

माहिती दिली गेलीच, तर आधी बँकेला कळवून कार्ड व खाते थांबवावे, मग पासवर्ड बदलून पोलिसांत तक्रार करावी. कॉलची नोंद आणि संदेश पुसू नयेत. फसलेल्यांचे क्रमांक भामट्यांमध्ये विकले जातात. काही दिवसांनी ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा फोन येतो, तो बहुधा याच यादीवरून.