बर्न बॅरल

बर्न बॅरल म्हणजे पत्र्याच्या रिकाम्या ड्रमला तळाशी हवेची भोके पाडून आणि आत जाळी बसवून केलेले, वरून उघडे असे जाळण्याचे पिंप. अमेरिकेच्या ग्रामीण भागात, जिथे कचरागाडी दारापर्यंत येत नाही, तिथे परसात असे पिंप ठेवण्याची जुनी पद्धत आहे. कडाक्याच्या थंडीत बांधकामाच्या किंवा संपाच्या जागी लोक त्याच्याभोवती शेकतही बसतात.

यासाठी लागतो ५५ अमेरिकी गॅलनचा, म्हणजे सुमारे २०८ लिटरचा पोलादी ड्रम. आपल्याकडे भंगारवाल्याकडे २०० लिटरचे टिपाड म्हणून मिळते ते हेच. त्याची उंची साधारण ८८ सेंमी आणि व्यास ५८ सेंमी असतो. या ड्रमच्या घडणीची मूळ पेटंटे १९०५ सालची आणि हेन्री वेरहान यांची. ते ज्या आयर्न क्लॅड कंपनीत होते, ती पत्रकार नेली ब्लाय चालवत असत. दुसऱ्या महायुद्धात इंधन वाहण्यासाठी असे ड्रम प्रचंड संख्येने वापरले गेले.

पिंप करताना सर्वांत मोठा धोका आग पेटवण्याआधीच असतो. बूच लावलेल्या ड्रममध्ये पूर्वी तेल, थिनर किंवा पेट्रोल असेल, तर तळाशी चमचाभर उरलेल्या द्रवाचीही वाफ आत कोंडून राहते. अशा ड्रमवर गॅस कटर किंवा ग्राइंडर चालवला की एका ठिणगीने स्फोट होतो आणि झाकण तोफेच्या गोळ्यासारखे उडते. वासावरून ड्रम रिकामा आहे असे ठरवणे जिवावर बेतू शकते. म्हणून मुळातच झाकण निघणारा, खाद्यतेलासारख्या निरुपद्रवी मालाचा ड्रम निवडावा. कीटकनाशकाचा ड्रम तर कधीच घेऊ नये. जस्ताचा मुलामा असलेला पत्राही टाळावा, कारण तापल्यावर त्यातून निघणाऱ्या धुराने ताप, हुडहुडी आणि मळमळ होते. ड्रमच्या आतला रंग किंवा अस्तर पहिल्या जाळात जळून जाते. तो जाळ फक्त सुक्या लाकडाचा करावा आणि त्याच्या धुरापासून लांब राहावे.

पुढचे काम सोपे आहे. तळापासून वीतभर उंचीवर समोरासमोर भोके पाडून दोन-तीन सळया आरपार घालायच्या आणि त्यांवर जाड लोखंडी जाळी टेकवायची. जाळीखालच्या भागात चहूबाजूंनी बोटभर रुंदीची भोके पाडायची, तळालाही दोन-चार पाडायची. म्हणजे पावसाचे पाणी साचत नाही. ड्रम विटांवर उचलून ठेवला की हवा खालून शिरते, गरम होऊन वर जाते आणि जाताना ताजी हवा ओढून घेते. राख जाळीखाली पडत राहिल्याने ही ओढ तुंबत नाही. भोके कमी पडली किंवा पिंप गच्च भरले, तर जळण धुमसते. धुराचे खरे कारण बहुधा हेच असते. ठिणग्या उडू नयेत म्हणून तोंडावर बारीक जाळी ठेवतात. सभोवतालचे किमान तीन मीटर गवत काढून टाकायचे, पाणी हाताशी ठेवायचे आणि वारा सुटला असेल तर पेटवायचेच नाही.

मात्र पिंप कितीही नीट केले, तरी घरचा कचरा जाळण्याच्या लायकीचे ते होत नाही. कचरा जाळणाऱ्या आधुनिक संयंत्रात वायू ८५० अंश सेल्सिअसवर किमान दोन सेकंद ठेवून नंतर गाळले जातात. पिंपात यातले काहीच नसते. प्लॅस्टिक, विशेषतः पीव्हीसी, कमी तापमानात आणि अपुऱ्या हवेत जळते तेव्हा डायऑक्सिन नावाची अतिविषारी रसायने तयार होतात. ते गवतावर बसतात, तिथून गुरांच्या चरबीत आणि दुधात उतरतात. रोज पिंपात कचरा जाळणारी जेमतेम काही डझन घरे दिवसाला सुमारे २०० टन कचरा जाळणाऱ्या आधुनिक संयंत्राइतके डायऑक्सिन सोडू शकतात, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात दिसले. रसायन मुरवलेल्या लाकडाच्या राखेत आर्सेनिक उरू शकते, त्यामुळे ती राख बागेत टाकू नये.

लॉस एंजेलिसने परसातल्या भट्ट्यांवर १९५७ मध्येच बंदी घातली. कॅलिफोर्नियाने घरच्या कचऱ्यासाठी बर्न बॅरल वापरणे २००४ पासून बहुतेक ठिकाणी बंद केले, तर न्यूयॉर्क राज्याने २००९ मध्ये. भारतात राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. त्यामुळे महाराष्ट्रात सोसायटीच्या कोपऱ्यात पालापाचोळ्यासाठी असे टिपाड पेटवणेही अंगाशी येऊ शकते. हेच भोके पाडलेले टिपाड कंपोस्टसाठी मात्र उत्तम चालते. पाला, शेण आणि थोडी माती यांचे थर देऊन ओल राखली की काही महिन्यांत खत होते. ओलीने पत्रा लवकर गंजतो, म्हणून या कामासाठी प्लॅस्टिकचा ड्रम जास्त टिकतो.